परक्या संगणकावर घरचे कागद : फोंड्यातील एक प्रकरण

हे प्रकरण फोंडा तालुक्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे आहे. त्यांनी मला प्राथमिक शाळेत गणित शिकवले आणि गावात त्यांना सगळे जण बाईच म्हणतात, म्हणून येथेही त्यांचा उल्लेख बाई असाच करतो. संगणक दुरुस्तीचा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे लिहीत आहे.

यजमान वारल्यानंतर मिळकतीच्या वाटणीसाठी बाईंनी दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा अर्ज केला होता. गोव्यात वारसा २०१२च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे चालतो, आणि त्याचे मूळ १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. विवाहानंतर मिळकत सामाईक होण्याची येथे सर्वसाधारण पद्धत असल्याने स्थावर मिळकतीच्या व्यवहाराला पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. याचा एक परिणाम वकिलांना अंगवळणी पडलेला असतो, पण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. बाईंना दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघेही विवाहित. त्यामुळे सुना आणि जावई यांच्यासह सात जणांची आधार कार्डे, सात पॅन कार्डे, विवाहनोंदणीचे दाखले, बँकेची खातेपत्रके, एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदींचे) उतारे, पोर्तुगीज काळातील दस्तांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि जमिनीच्या किमतीचा वकिलांनी केलेला कच्चा तक्ता एवढा सारा ऐवज आठ जीबीच्या एका पेनड्राईव्हमध्ये गोळा झाला होता. बाईंच्या घरी संगणक नाही. बाजारातील झेरॉक्सच्या दुकानात जायचे, तेथील संगणकाला पेनड्राईव्ह लावायचा, ईमेल उघडून मुलांनी पाठवलेले कागद उतरवून घ्यायचे, हवे ते छापायचे, असा क्रम पाच-सहा महिने चालला होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका शनिवारी पेनड्राईव्ह दुकानातच विसरला. सोमवारी तो जसाच्या तसा परत मिळाला. त्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका माणसाने बाईंच्या मुलीला बेळगावला फोन केला आणि तुमच्या जमिनीला अमुक दराने गिऱ्हाईक आहे असे सांगितले. त्याने सर्व्हे नंबरही सांगितला आणि दरही सांगितला, आणि तो दर वकिलांच्या कच्च्या तक्त्यातला होता.

ही माहिती दुकानातूनच बाहेर गेली असे मी म्हणणार नाही, कारण त्याचा पुरावा नाही. सर्व्हे नंबर हे काही गुपित नसते. एक-चौदाचा उतारा भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. दराची गोष्ट मात्र वेगळी होती. तो तक्ता वकील, बाई आणि तीन मुले एवढ्यांनाच ठाऊक होता, आणि त्यांच्यापैकीही कोणी चारचौघांत बोलले नसेल याची खात्री मी देऊ शकत नाही. तरीही बाईंची झोप उडाली. बनावट कागदपत्रांच्या आधारे जमिनी हडपण्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारने २०२२ साली विशेष तपास पथक नेमले होते, तेव्हापासून जुन्या दस्तांची प्रत परक्याच्या हाती जाणे ही येथील घराघरांतील काळजी आहे.

दुकानदार सज्जन. त्यांच्या परवानगीने, त्यांच्यासमोरच, मी तो संगणक पाहिला. ‘डाऊनलोड्स’ या फोल्डरमध्ये बाईंच्या चार फायली होत्या, त्यांतच तो तक्ताही होता. ब्राउझरमध्ये बाईंचे ईमेल खाते उघडेच होते, कारण त्या खिडकी बंद करीत, पण खात्यातून बाहेर पडत नसत. वर्डच्या अलीकडच्या फायलींच्या यादीत त्यांच्या मृत्युपत्राच्या मसुद्याचे नाव दिसत होते. बाईंच्या फायलींच्या शेजारी गावातील इतर कित्येकांची आधार कार्डे, दहावीचे निकाल आणि कर्जाचे अर्ज पडलेले होते. हे सगळे कोणी जमवले नव्हते, ते आपोआप साचले होते. महिन्याकाठी जागा कमी पडू लागली की दुकानदार ते एकदम पुसून टाकीत, आणि रिसायकल बिन रिकामी करायचे बहुधा विसरत.

बाईंनी विचारले, “मग पेनड्राईव्हलाच कुलूप घालता येत नाही का रे?” येते, असे मी म्हणालो आणि पहिली चूक केली. ती चूक तांत्रिक नव्हती. पेनड्राईव्ह हरवला तर काय, हा एक प्रश्न, आणि पेनड्राईव्ह ज्याला लावतो तो संगणकच परका असेल तर काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा रीतीने फायली कूटबद्ध करणे. दुसऱ्याचे उत्तर ते नाही. बाई पहिला प्रश्न विचारत होत्या, त्यांचे नुकसान दुसऱ्यामुळे होण्याची शक्यता अधिक होती, आणि ते मला उशिरा कळले.

सुरुवात मी व्हेराक्रिप्टने केली. ट्रूक्रिप्ट हा एन्क्रिप्शनचा जुना, नावाजलेला प्रोग्रॅम २०१४च्या मे महिन्यात त्याच्या अनामिक कर्त्यांनी अचानक बंद केला. त्याच्याच पायावर उभा असलेला व्हेराक्रिप्ट आज सर्रास वापरला जातो, तो विनामूल्य आहे आणि त्याची मूळ संहिता कोणालाही तपासता येते. पेनड्राईव्हवर एक मोठी कूटबद्ध फाईल करायची, त्याच पेनड्राईव्हवर प्रोग्रॅमही ठेवायचा आणि पासवर्ड दिला की ती फाईल वेगळ्या ड्राईव्हसारखी उघडते, अशी त्याची सोय. माझ्या टेबलावर सगळे सुरळीत चालले. दुकानात मात्र पहिल्याच वेळी पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट आली. व्हेराक्रिप्टला विंडोजमध्ये स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्याशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, चढवावा लागतो आणि तो अधिकार साध्या खात्याला नसतो. प्रोग्रॅम पेनड्राईव्हवरून चालवला तरी ही अट सुटत नाही. दुकानदाराला तो पासवर्ड ठाऊक नव्हता, कारण संगणक फॉरमॅट करून देणाऱ्या मुलाने तो ठेवला होता. ठाऊक असता तरी एका गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी त्यांनी तो द्यावा असे मी म्हटले नसते. या व्यवसायात इतकी वर्षे काढूनही ही अट माझ्या ध्यानात राहिली नाही, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

बाईंच्या मुलाने मुंबईहून सुचवले की अंगावरच आकड्यांची बटणे असलेला पेनड्राईव्ह घ्यावा. त्याला संगणकात काही चढवावे लागत नाही, हा त्याचा खरा गुण. किंमत मात्र साध्या पेनड्राईव्हच्या कितीतरी पट. शिवाय ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ हे शब्द वेष्टनावर असले म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. २०१० साली एसवायएसएस या जर्मन संस्थेने दाखवून दिले होते की किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बाटिम यांचे काही प्रमाणित पेनड्राईव्ह पासवर्ड न देताच उघडता येत होते. त्यांतील एन्क्रिप्शन मजबूत होते, पण पासवर्ड बरोबर आहे की नाही हे संगणकावरचा प्रोग्रॅम तपासत असे आणि ‘बरोबर आहे’ एवढा ठरलेला निरोप पेनड्राईव्हला धाडला की तो उघडत असे. त्या कंपन्यांनी पुढे दुरुस्त्या केल्या. बटणांच्या पेनड्राईव्हमध्ये पासवर्ड संगणकाकडे जातच नाही, म्हणून त्याला हा दोष जसाच्या तसा लागू नाही. तरीही बाईंनी किंमत ऐकून तो विषय बंद केला.

शेवटी बिटलॉकर टू गो निवडले. पेनड्राईव्ह कूटबद्ध करण्याची ही विंडोजमधलीच, विंडोज ७पासून आलेली सोय आहे. असा पेनड्राईव्ह तयार करण्यासाठी विंडोजची प्रो किंवा तिच्यावरची आवृत्ती लागते, मात्र उघडण्यासाठी होम आवृत्ती चालते आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागत नाही. बाईंच्या भाच्याच्या लॅपटॉपवर प्रो होते. तयार करताना तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. जुना पेनड्राईव्ह न घेता कोरा बत्तीस जीबीचा घेतला, कारण फ्लॅश मेमरी झीज सारखी व्हावी म्हणून लिखाण जागा बदलून करते, आणि पूर्वी उघड्यावर लिहिलेला मजकूर वरून कितीही लिहिले तरी एखाद्या कोपऱ्यात शिल्लक राहू शकतो. एन्क्रिप्शनच्या दोन पद्धतींपैकी ‘कंपॅटिबल’ ही पद्धत निवडली, कारण पणजीतील ज्या टंकलेखकाकडे बाई अधूनमधून जातात त्याच्याकडे अजून विंडोज ७ आहे आणि नवी पद्धत त्याला वाचता येत नाही. आणि ‘या संगणकावर आपोआप उघडा’ ही खूण दुकानातील कोणत्याही संगणकावर कधीच करायची नाही, हे बाईंना दोनदा सांगितले.

पासवर्डवर एक अख्खी दुपार गेली. बाईंना अभंगाची एखादी ओळ ठेवायची होती. तोंडपाठ असलेली ओळ विसरली जात नाही, हे खरे. पण जी ओळ घरोघरी पाठ आहे ती हुडकणाऱ्यालाही सुचते, आणि दुसरी अडचण त्याहून मजेशीर निघाली. परक्या संगणकावर मराठी कळफलक असेलच असे नाही, म्हणून ओळ रोमन अक्षरांत लिहायची. तर मग ‘ज्ञ’ कसा लिहायचा? बाई एकदा एक लिहीत, दुसऱ्यांदा दुसराच, आणि दोन्ही वेळा तोच बरोबर असे ठामपणे म्हणत. अखेर एकमेकींशी काही संबंध नसलेल्या, घरातील पाच वस्तूंची नावे घेतली, आणि जोडाक्षर असलेली नावे वगळली.

पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारी रिकव्हरी की अठ्ठेचाळीस आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती कागदावर छापली आणि बाईंनी दुसरी प्रत वहीत हाताने उतरवली. या गटांविषयी एक गोष्ट थोड्यांना ठाऊक असते: प्रत्येक गटाला ११ने नि:शेष भाग जातो. मी हे सहज बोलून गेलो आणि बाईंच्यातल्या शिक्षिका जाग्या झाल्या. एकाआड एक आकड्यांच्या बेरजा करायच्या, त्यांतील फरक शून्य, ११ किंवा २२ आला की गट बरोबर. समजा, गट २७१८४३ असेल, तर २, १ आणि ४ मिळून सात, ७, ८ आणि ३ मिळून अठरा, फरक अकरा. आठ गट त्यांनी पाच मिनिटांत तपासले आणि सहाव्या गटावर बोट ठेवले. छापील कागदावरचा एक त्यांनी सात असा उतरवला होता. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर ही कसोटी ते हमखास पकडते. छापील कागद मुलीकडे बेळगावला गेला, वही घरच्या कपाटात राहिली.

आता ब्राउझर. पेनड्राईव्हवरून चालणारा फायरफॉक्स पोर्टेबल मी त्या कूटबद्ध पेनड्राईव्हमध्येच ठेवला. याचा लाभ नेमका काय, हे नीट सांगितले पाहिजे, कारण येथे भ्रम फार आहेत. फायरफॉक्स इतिहास, कुकी आणि साठवलेले पासवर्ड हे सगळे एका प्रोफाईल फोल्डरमध्ये ठेवतो. पोर्टेबल रूपात ते फोल्डर पेनड्राईव्हवर राहते आणि पेनड्राईव्ह काढला की बाईंबरोबर घरी जाते. क्रोमचे तसे नाही. विंडोजवर तो साठवलेले पासवर्ड त्या-त्या संगणकावरील खात्याशी बांधतो, म्हणून पेनड्राईव्हवर नेलेला क्रोम दुसऱ्या संगणकावर ते उघडू शकत नाही. दुकानातील ब्राउझरची ‘प्रायव्हेट’ खिडकीही इतिहास ठेवत नाही, पण तिच्यातून उतरवलेली फाईल संगणकावर राहतेच, आणि बाईंचे नुकसान मुख्यतः उतरवलेल्या फायलींतून होत होते. म्हणून पोर्टेबल ब्राउझरमध्ये ‘फाईल कोठे ठेवायची ते दर वेळी विचारा’ ही सूचना चालू केली. ठरावीक फोल्डर नेमला असता तर पेनड्राईव्हला एका संगणकावर ‘ई’ आणि दुसऱ्यावर ‘जी’ अक्षर मिळते तेव्हा घोटाळा झाला असता. पीडीएफ फाईल बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये न उघडता फायरफॉक्समध्येच पाहायची, असेही ठरले, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या अलीकडच्या फायलींच्या यादीत तिचे नाव येत नाही.

चार वेळा अशा रीतीने काम झाल्यावर मी दुकानदारांच्या परवानगीने तो संगणक पुन्हा तपासला. ‘डाऊनलोड्स’मध्ये बाईंचे काही नव्हते. ब्राउझरच्या इतिहासात काही नव्हते. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, पेनड्राईव्ह लावल्याची नोंद होती आणि त्यावरून फायरफॉक्स चालवल्याची खूणही होती. ती राहणारच. पोर्टेबल ब्राउझर माग ठेवतच नाही असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. माग राहतो, मात्र त्यात आपण काय वाचले ते सहसा नसते. येथवर मी समाधानी होतो.

मग छपाई आडवी आली. त्या दिवशी बाई ज्या संगणकावर बसल्या होत्या त्याला प्रिंटर जोडलेला नव्हता. दुकानातील मुलाने नेहमीच्या सवयीने फाईल व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणून सांगितले, आणि बाईंनी नकार दिल्यावर उघडलेला पेनड्राईव्ह काढून काउंटरवरच्या संगणकाला लावला, बाईंकडून पासवर्ड टाकून घेतला आणि सात जणांच्या आधार कार्डांची फाईल डेस्कटॉपवर ओढून छापली. दोन महिन्यांची तटबंदी एका मिनिटात ओलांडली गेली, आणि त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो असे कोणी म्हणेल. पण तो सगळ्यांचा एकाच सूत्राने बनतो: नावाची पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मसाल. दुकानातील मुलाला तो विचारावाही लागत नाही, नाव आणि साल तो बोलता बोलता काढून घेतो.

या प्रसंगानंतर मी बाईंपुढे सगळा हिशेब मांडला. उघडलेला कूटबद्ध पेनड्राईव्ह हा साधाच पेनड्राईव्ह असतो. तो उघडा असताना त्या संगणकावरील कोणताही प्रोग्रॅम त्यातील फायली वाचू शकतो, त्यांच्या प्रती करू शकतो. कळफलकावर दाबलेली अक्षरे टिपणारा प्रोग्रॅम तेथे दडलेला असेल तर पाच वस्तूंची नावेही त्याच्या हाती जातील, आणि पडद्यावरचा कळफलक वापरूनही फारसा फरक पडत नाही, कारण असे प्रोग्रॅम पडद्याची चित्रेही घेतात. ईमेलला ओटीपी लावला तर चोरलेला पासवर्ड नंतर कामाला येत नाही, पण चालू सत्रात जे पडद्यावर आहे ते आहेच. मोठ्या झेरॉक्स यंत्रांत स्वतःची डिस्क असते आणि तीवर छापलेल्या कागदांची प्रतिमा राहू शकते, तेथे तर पेनड्राईव्हचे कुलूप पोचतच नाही.

बाईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “अरे, बाजाराला जाताना मी कपाटातले सगळे दागिने बरोबर नेते का? शंभर-दोनशे रुपये नेते. मग हे सगळे दर वेळी दुकानात कशाला न्यायचे?” सध्याची व्यवस्था याच वाक्यावर उभी आहे आणि तिचे श्रेय माझे नाही. कूटबद्ध पेनड्राईव्ह आता फक्त भाच्याच्या लॅपटॉपला आणि वकिलांच्या कार्यालयातील एका ठरलेल्या संगणकाला लागतो. दुकानासाठी चार जीबीचा एक जुना, उघडा पेनड्राईव्ह आहे. त्या दिवशी जे छापायचे तेवढेच त्यात घालायचे. आधार असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार, आणि पूर्ण आधार मागितले तर ते वकिलांकडेच छापायचे. दुकानात ईमेल उघडणे बंद झाले. मुले कागद भाच्याकडे पाठवतात. पोर्टेबल फायरफॉक्स अजून त्या कूटबद्ध पेनड्राईव्हवर आहे, पण त्याचा उपयोग वकिलांच्या कार्यालयापुरताच उरला. तेथे तो चांगला चालतो, कारण तेथील माणसे विश्वासाची आहेत आणि प्रश्न केवळ एका संगणकावर अनेकांची खाती मिसळू न देण्याचा आहे. माझ्या मते पोर्टेबल ब्राउझरची योग्य जागा हीच.

चार जीबीच्या पेनड्राईव्हला श्रावणात शॉर्टकट व्हायरस लागला. फोल्डर गायब होऊन त्यांच्या नावांचे शॉर्टकट दिसू लागले. त्यात दोन पानी अर्जाखेरीज काही नव्हते. फॉरमॅट केला आणि काम पुढे चालू झाले.

कूटबद्ध पेनड्राईव्हनेही एकदा दगा दिला. फायली त्यावर उतरत असतानाच भाच्याने तो सुरक्षितपणे न काढता उपटला आणि दोन स्कॅन केलेले दस्त उघडेनात. मुलीकडे बेळगावला त्याचीच दुसरी कूटबद्ध प्रत होती, पण ती एका तारखेने मागे होती, त्यामुळे एक दस्त पुन्हा स्कॅन करावा लागला. तेव्हापासून न्यायालयाची प्रत्येक तारीख झाली की दुसरी प्रत अद्ययावत होते. बाई त्याची नोंद वहीत, रिकव्हरी कीच्या पुढल्या पानावर करतात.

दलालाचा फोन पुन्हा आला नाही. तो या व्यवस्थेमुळे आला नाही, की त्याला दुसरी जमीन मिळाली, हे सांगता येणार नाही.

झेरॉक्सच्या दुकानदारांनी मात्र आपणहून विचारले की ‘डाऊनलोड्स’ आपोआप रिकामे होईल असे काही करता येते का. विंडोजच्या स्टोरेज सेन्समध्ये न उघडलेल्या फायली १, १४, ३० किंवा ६० दिवसांनी काढून टाकण्याची सोय आहे. मी उत्साहाने एक दिवस ठेवला. तिसऱ्याच दिवशी अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज गायब झाल्याची तक्रार घेऊन एक मुलगा आणि त्याचे वडील दुकानात उभे राहिले, म्हणून ते चौदा दिवसांवर आणले आहे.